ओढ्यात बर्फासाठी सोडलेली जागा

सोमवार, १२ मे १९७५. सकाळी सव्वादहाला ओव्हरसियरने आमच्या घरामागच्या ओढ्याचा काठ कडुलिंबासकट तोडला. पात्र दुप्पट रुंद करायचे म्हणे. कामगारांच्या शेडवर लावलेला नकाशा जवळ जाऊन पाहिला. परदेशी पुस्तकातून जसाच्या तसा उतरवलेला. कोपऱ्यात इंग्रजीत स्पष्ट लिहिले आहे, जादा रुंदी हिवाळ्यात साचणाऱ्या बर्फासाठी. सोलापुरात बर्फ. शिसारी आली.

"अहो, इथं बर्फ फक्त रसवंतीत असतो," मी म्हणाले.

"बाई, डिझाइन वरून मंजूर हाय की."

त्याने वाचले तरी होते का? आणि मी? आठवडाभर तो कागद त्यांच्या शेडवर लटकत होता. कॉन्व्हेंटात शिकलेली मी, आजच का वाचला?

रुंद पात्रात पाणी मंदावते, गाळ टाकते, गाळाने तळ उथळ होतो आणि मोठ्या पावसात पाणी काठाबाहेर पडते. काठालाच विणकर नरसव्वाचे घर, आणि माग जमिनीतल्या खड्ड्यात. तिने विचारले, "बाई, मागात पाणी शिरतंय का काय?" काय सांगणार? बर्फाला विचारून सांगते?

उद्या अर्ज घेऊन मंजुरी देणाऱ्या कचेरीत मीच जाणार. ही रुंदी कोणाच्या बर्फासाठी, आणि माग बुडाला तर जबाबदार कोण, याचे सहीनिशी लेखी उत्तर मला शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हवे आहे.