थोरलीची प्लगवरची गाडी

३ मार्च
वही, माफ कर. अकरा दिवसांनी उघडतोय. ही गेली, तेव्हापासून हात धजला नाही. हिचं दुखणं मी थोरल्या मुलीला कळवलंच नाही – एवढ्या लांब उगीच जिवाला घोर नको म्हणून. ती धावत आली तोवर सगळं उरकलेलं. आज परत गेली, रेल्वेनं. गाडी दारात सोडून. म्हणाली, "आईला फिरवायला घेतली होती बाबा. आता मला नको."

६ मार्च
गाडीही मेली! तीस वर्षं ट्रक चालवला, सकाळी इंजिन गरम केल्याशिवाय चहा घेतला नाही. या गाडीचं बटण दाबतो – दिवे लागतात, आवाज नाही. रोज दहा मिनिटं आत बसून कान देतो. तिची वस्तू, तीही माझ्याच हातून गेली की काय?

९ मार्च
थोरलीला फोन केला. उचलत नाही.

१० मार्च
गॅरेजवाला मेस्त्री आला. खूप हसला. "काका, इंजिन मेलं नाही, झोपलंय." यात म्हणे दोघं कामाला. आधी बॅटरीवरची मोटर, तिला आवाज नाही. बॅटरी उतरली किंवा जास्त जोर लागला, की पेट्रोलचं इंजिन उठतं. अशा दोन्हीवर चालणाऱ्या गाडीला हायब्रिड म्हणतात; साध्या हायब्रिडला प्लग नसतो. या गाडीची बॅटरी मोठी, घरच्या विजेवर भरायची. शिवाय ब्रेक दाबला की तीच मोटर चाकांकडून वीज परत घेते. आम्ही उतारावर नुसते ब्रेक जाळले. गेलेलं थोडं तरी परत मिळतं, हे या वयात कळलं.
निघताना सहज बोलला – प्लग लावला की मालकिणीच्या, म्हणजे थोरलीच्या, फोनवर निरोप जातो.
तो वळला तशी मी डिकीतून प्लगची वायर काढली.

१४ मार्च
रोज सहाला प्लग लावतो. पण भरलेल्या बॅटरीला काय भरणार? म्हणून आधी चौकापर्यंत चार फेऱ्या मारून उतरवतो. शेजारच्या सीटवर हिची शाल. शेजारी विचारतात, काका निघालात कुठे? काय सांगू!

१९ मार्च
ताप. प्लग राहिला.

२० मार्च
आजही राहिला. उठवत नाही.

२१ मार्च
सकाळी गाडीतला पंखा चालू. दारं बंद, आत कुणी नाही, किल्ली माझ्या उशीखाली. मेस्त्रीला फोन लावला. म्हणाला, "काका, हे फक्त मालकिणीच्या फोनवरून होतं."
भिंत धरत गेलो, प्लग लावला. पोरी, आहे मी. दोन शब्द कळव. लवकर कळव.