जावांमधली फट

आबा, काल तुमच्या जावांना भेटून आलो. घरातल्या नव्हेत, लोखंडी. भट्टीला वारा घालायला तुम्ही जी पेटी करत होतात, तिच्यातले ते दोन रोटर, आत फिरत वारा ढकलणारे, भुईमुगाच्या शेंगेगत कमरेत दबलेले. तुम्ही त्यांना जावा म्हणायचात. "एका घरात तोंडाला तोंड लावून फिरायचं, पर अंगाला अंग लागाय नगं. लागलं की भांडाण. आन् लई लांब ऱ्हायल्या, तर मधनं वारा माघारी पळतोय." आई चुलीपुढून ओरडायची, "मग माझ्या जावंलाच बसवा की पेटीत!"

तेव्हा आपल्या संस्थानात महाराज नुकतेच गादीवर आले होते. कागदावर आखलेल्या फटीवर तुमचा विश्वास नव्हता. एकीला तेलात कालवलेला शेंदूर फासायचा, जोडी हातानं फिरवायची, दुसरीवर डाग उमटेल तिथं कानस चालवायची. एके दुपारी जोडी अंगणात ठेवून तुम्ही जेवायला बसलात, तेवढ्यात शेजारच्या मावशी तिच्यापुढं नारळ वाढवून मोकळ्या. तुम्ही उष्ट्या हातानं धावताय, "अवो, द्येव न्हाय त्यो! वारा घालायचं यंत्र हाय!" मावशी ढिम्म. "मारुतीचा बाप तरी कोण हुता? वाराच की!" इतके हसलात तुम्ही, की घास घशात अडकला.

पुढं डाग उमटायचा थांबला, म्हणजे फट जमली. पट्टा चढवायचा तेवढा राहिला, आणि साथीच्या तापानं तुम्हांला नेलं. पेटीचा पत्रा मोडीत गेला. जोडी चौकटीसकट मावशींनी मागून घेतली आणि ओढ्याकाठी पिंपळाखाली बसवली.

आता ती जाऊबाई आहे. भांडकुदळ घरं तिला नवस बोलतात. गावाची टवाळी लिहून पोट भरणाऱ्या तुमच्या लेकाला यावर फर्मास मजकूर सुचायला हवा होता. नाही सुचला. ती जोडी चालली असती का, एवढंच इतकी वर्षं मला खातंय. एकदा हातानं फिरवून बघावी म्हणून गेलो, खिशात तुमची कानस घेऊन. पण फटच सापडेना. शेंदराच्या पुटांनी ती बुजून गेलीय. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्यागत उभ्या.

"पावणं, द्येवीला हात न्हाय लावायचा," फुलं विकणारी बाई खेकसली. "नवस हाय का काय?"

"हाय," म्हणालो.

हे पत्र टाकायला कुठलीच पेटी नाही, म्हणून खरं ते सांगतो. कानस खिशातच राहिली. नारळ मीही फोडला, आबा. आणि हात जोडून तिला विचारलं, फिरली असतीस ना?