उरलेल्या दोन ओळी

आचरे,
१२ एप्रिल १९६१

प्रिय हरी,

सात वर्षांत बापाचं हे पहिलंच पत्र, तेव्हा फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच. तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी कधी विचारलाही नाही. शेजारचा शंकर उद्या बोटीने मुंबईस निघालाय, तो गिरणीतल्या आपल्या लोकांत तुला हुडकून हे हाती देणार आहे.

रामनवमीचं नाटक यंदाही झालं. पडद्याच्या दोरीचा मान आपल्या घराकडे, तेव्हा मला सुटका नाही. संगीत नाटकाचा मला किती तिटकारा आहे ते तुझ्याएवढं कोणाला ठाऊक? माणसाला साप चावला तर वैद्य बोलवावा की दोन कडवी म्हणावीत? तरी बावीस वर्षं मी त्या कोपऱ्यात दोरी धरून उभा आहे, राजाचा कमरपट्टा आवळतोय, राणी झालेल्या धोंडूच्या मिशीच्या खुंटांवर पावडर थापतोय. यंदा तर मंडळींनी तेच नाटक काढलं. दर्यापार गेलेला मुलगा परत येतो आणि दृष्टी गेलेली आई त्याला आवाजावरून ओळखते. तू शेवटचं केलंस ते. मी मोडता घालून पाहिला, कोणी ऐकलं नाही.

त्या नाटकानंतर तू नाटक कंपनीत जायचं म्हणालास आणि मी तुझी बाजाची पेटी विहिरीत टाकली. लोकांना मी सांगतो की पोराला मुंबईची हौस होती. तुझ्या आईने सात वर्षांत त्यावरून मला एक शब्द सुनावला नाही. फक्त आपल्या विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं. काशीबाईकडून कळशी आणायची, स्वतःपुरती.

दोन वर्षांमागे तिची नजर गेली, तेही तुला कोणी कळवलं नसेल. यंदा हट्टाने पुढेच बसली. मुलाचं काम यंदा बाबलीकडे होतं, त्याने तुझं पद उचललं. गळा बेताचाच, पण चाल तीच. दुसऱ्या ओळीला तुझी आई उठून उभी राहिली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, "हरी, इलंस रे?" कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला सोसवेना. मी दोरी सोडली, पडदा अर्ध्या पदावर खाली आला आणि मी मागच्या मागे चालता झालो. मानकऱ्याशिवाय दुसऱ्याने दोरीला हात लावायचा नाही, हा आपला रिवाज. त्यामुळे पडदा वर गेलाच नाही. पलीकडे बाबली तोंड उघडं टाकून उभाच होता म्हणतात. नाटक तिथेच संपलं, आणि गाव अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "पडदो कित्याक पाडल्यात? माजो झील गाय होतो." तो आपला मुलगा नव्हे, बाबली होता, असं मी चारदा सांगितलं, मग सांगायचं सोडलं. दुसऱ्या दिवसापासून ताप. दोन आठवडे त्या अर्ध्या राहिलेल्या गाण्याचाच ध्यास, "फुडला गाणा खंय रवला?" मला ते पद तोंडपाठ आहे रे. नको नको म्हणत इतक्या वेळा ऐकलंय. एका दुपारी दार लावून म्हणायला बसलो, पण सूर निघेना. नुसते शब्द वाचल्यासारखे म्हटले. तिने मान भिंतीकडे फिरवली.

परवा सोमवारी सकाळी तुझी आई गेली. तुझी वाट बघायला वेळ नव्हता, अग्नी मीच दिला. बाराव्याला ये. सुतकाच्या घरात गाणं झालं तर लोक नावं ठेवतील, ठेवू देत. ओटीवर उभा राहा आणि त्या पदाच्या उरलेल्या दोन ओळी म्हण. पेटी नाही, ती मीच बुडवली. पण या वेळी मी पुरतं ऐकेन, हरी, मधेच उठून जाणार नाही.

तुझाच,
आबा