एलिस्टनच्या कड्यावरचा दहीभात

११ जुलै २०१७. एलिस्टन, न्यूफाउंडलंड.

एटोबिकोहून एकटाच आलो. सुधाला हे पक्षी बघायचे होते. ती यांना पेंग्विनच म्हणायची.
"अगं, कॅनडात पेंग्विन नाहीत. हे पफिन."
"काळा कोट, पांढरं पोट. वेगळं काय?"
"हे उडतात!"
"उडू देत की."
वादात मला गप्प करणारी ती एकटीच.
खोलीवर राइस कुकर लावला. भात दोघांचा झाला.

१२ जुलै

कड्यापर्यंत चाललो. समोरच्या खडकावर पफिनच पफिन. चोच भडक, चेहरा गंभीर. थेट आपल्या मंडळाची कार्यकारिणी! हसलो. सांगायला शेजारी कोणी नाही.
एक जण बिळाच्या तोंडाशी एकटाच, कितीतरी वेळ. त्याला विधुर म्हणायचा मोह झाला. म्हटलं नाही. जोडीदार मासे आणायला गेला असेल.

संध्याकाळी रेजिनाहून मुक्ताचा फोन. सुधाच्या अंत्यविधीनंतर लेकीचा हा पहिलाच. दहावं-तेरावं करू दिलं नव्हतं मी. कर्मकांडावर तिथेच बोललो होतो. आवाज छान लागला होता. तेव्हापासून ही अबोल.
"बाबा, उद्या तिथीने आईचं वर्षश्राद्ध. पूजा वगैरे नको. जस्ट एक घास बाहेर ठेवा. बर्डने घेतला तर मला सांगा."
"मुक्ता, आयुष्यभर मी ज्याच्या विरुद्ध..."
"आय नो, बाबा. भाषण नको. प्लीज."
फोन तिनेच ठेवला.

१३ जुलै

घास ठेवणार नाही, असं ठरवूनच निघालो. वाटेत पाटी: पक्ष्यांना खाऊ घालू नये. बरं वाटलं. सरकार माझ्या बाजूने.

दुपारी डबा उघडला. दहीभात, लिंबाचं लोणचं. तिच्यासारखा जमत नाही. दुर्बीण उचलायला वळलो, तेवढ्यात सीगल आला, डब्यात चोच घातली आणि चांगला मोठा घास घेऊन गेला. "हाड्!" म्हणून ओरडलो. मग हात तसाच वर राहिला.

सीगल चोरटेच. कोणाचंही पळवतात. यात काही नाही.
उरलेला भात खाववला नाही.

संध्याकाळी.
मुक्ताचा मेसेज: "बाबा?" एवढंच.
खोटं बोलणार नाही. पण नुसती चोरी झाली म्हणून सांगितलं तरी तिला जे ऐकायचंय ते ऐकू जाणारच. आणि सांगितलंच नाही तर ती लपवाछपवी. तीही माझ्या तत्त्वात बसत नाही.
फोन लावलाय, स्पीकरवर. रिंग जातेय. इतकी व्यासपीठं गाजवली, आणि पहिलं वाक्य अजून