गोठ्याच्या जागेवरचा आडोसा

प्रिय आत्या,

वाचला! आधी हेच सांगतो, मग बाकीचं. तुझा आडोसा वाचला. पाडत नाहीत. काल वारज्यात सभा झाली आणि तिथंच विषय मिटला.

मी पत्र लिहितोय यावर तुझा विश्वास बसणार नाही. आठवीत शाळा सोडल्यापासून मी लिहिल्या त्या फक्त सह्या. पण काल फोन ठेवला आणि इतकं हलकं वाटलं, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. इथं खोलीत एक केरळी आणि एक नेपाळी. मी खाटेवर उभा राहून नाचतोय म्हटल्यावर केरळ्यानं विचारलं, घरी मुलगा झाला काय? मी म्हटलं, तसंच समज. दुसरं काय सांगणार? वारज्यातला संडास वाचला म्हणून?

मी सध्या ओमानमध्ये आहे. तू गेलीस तेव्हा दुबईत होतो, त्याच्या आधी गुजरातेत. तू म्हणायचीस ना, याच्या पायाला भिंगरी आहे, हा एका जागी दोन पावसाळे काढणार नाही. खरं झालं. इथं दगडाच्या खाणीवर डंपर चालवतो. चारी बाजूला नुसतं उघडं. झाड नाही, झुडूप नाही. पहिल्या दिवशी गाडी थांबवून चाकामागं उभा राहिलो आणि तू आठवलीस. हसू नको! आम्हा गड्यांचं चाकामागं भागतं. बायामाणसांनी काय करायचं, हा तुझा प्रश्न मला या वाळवंटात येऊन समजला.

तू नगरसेविका झालीस तीसुद्धा गंमतच होती. गाव महापालिकेत गेलं, पहिलीच निवडणूक, आणि वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. माझ्या बापाचा, दादांचा, तर पत्रकासाठी फेटा बांधून फोटो काढून झाला होता! मग ते तुला म्हणाले, "शेवंते, तू नावाला उभी ऱ्हा. सही तू करायची, बाकी मी बघतो."

तू मान हलवलीस. तुझे मालक गेल्यावर तू माहेरी आलीस तेव्हापासून दादा जे बोलतील त्याला तू मान हलवायचीस. तू ऐकू आलं म्हणून मान हलवतेस, पटलं म्हणून नाही, हे सख्ख्या भावाला कळू नये?

निवडून आल्यावर लोक तुझ्याकडं रस्ता मागायला आले, दिवे मागायला आले. ते सगळं तू केलंसच. पण तू स्वतः उठून बायकांकडं गेलीस. बसस्टॉपवर, नळावर, चक्कीवर. एकच विचारायचीस, "बाई, तू जातीस कुठं?"

पूर्वी गावातल्या बायका ओढ्याच्या कडेला जायच्या, बाभळीच्या मागं. मग शेतं विकली गेली, बाभळी तोडल्या, इमारती उभ्या राहिल्या. आणि इमारतींना खिडक्या! कंप्युटरवाले राहायला आले, तसे त्यांच्या गॅलरीतले दिवे पार ओढ्यापर्यंत पडायला लागले. त्याच इमारतींत धुण्याभांड्याला बायका यायच्या, कुणी यवतमाळकडची, कुणी लातूरकडची. लोकांचे संडास घासून चकचकीत करायच्या, पण त्यात जायची परवानगी नाही. सकाळी निघताना घोटभर पाणीसुद्धा पीत नाही, असं एकीनं तुला सांगितलं. त्या दिवशी तू जेवली नव्हतीस, मला आठवतंय.

महापालिकेच्या सभेत तू पहिल्यांदा उभी राहिलीस आणि एवढंच म्हणालीस, "आमच्याकडचा आडोसा गेला." सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. कुणीतरी समजावलं, "ताईंना सार्वजनिक स्वच्छतागृह म्हणायचंय." तू म्हणालीस, "न्हाय. मला आडोसाच म्हणायचंय."

आणि तो इंजिनिअर! आत्या, ते मी मेलो तरी विसरणार नाही. "जागा उपलब्ध नाही, मॅडम," एवढं एकच वाक्य पाठ करून आलेला. तू म्हणालीस, बरं, मग चला, वॉर्डाची पाहणी तरी करा. तू पुढं, साहेब मधे, आणि भोवती सगळ्या बायका. मी मागून छत्री धरून. पहिल्या घरी ताक. दुसऱ्या घरी चहा. तिसऱ्या घरी सरबत, "घ्या की साहेब, ऊन किती हाय!" चौथ्या घरी परत ताक. कॅनॉलपर्यंत पोचलो तोवर साहेबांची चाल बदलली होती.

शेवटी ते माझ्या कानाशी आले. "अरे, इथे जवळपास कुठे..."

तू ऐकलंसच! "कुठं काय, साहेब?"

"म्हणजे... जायला."

"बघा की एखादा आडोसा."

बिचाऱ्यानं सगळीकडं मान फिरवली. जिकडं बघावं तिकडं बाई उभी, आणि बाईच्या मागं खिडकी. मग म्हणाले, "बघू, मॅडम. जागेचं नक्की बघू. पण आधी मला ऑफिसला जाऊ द्या हो!"

पण जागा खरंच नव्हती. म्हणजे होती, पण प्रत्येकाची दुसऱ्याच्या दारात होती. देवळाशेजारी नको, शाळेशेजारी नको, दुकानाशेजारी नको. आडोसा सगळ्यांना हवा होता आणि दारात कुणालाच नको होता.

त्याच सुमारास दादांनी खालचं शेत बिल्डरला द्यायचं ठरवलं. हक्कसोडीचा कागद तुझ्यापुढं ठेवला. गावातल्या बहिणी भावासाठी निमूट सही करतात, तशी तूही करशील असंच धरून चालले होते. तू म्हणालीस, "समद्यावर करते. रस्त्याकडंची गोठ्याची जागा तेवढी माझ्या हिश्श्याला ऱ्हाऊ दे." दादांना वाटलं, म्हातारपणासाठी एक खोली बांधत असेल. खूश झाले. विटा मी देतो म्हणाले!

आणि तू ती जागा महापालिकेला देऊन टाकलीस.

दादा अंगणात उभे राहून ओरडत होते ते अजून माझ्या कानात आहे. "गावात बहिणी हिस्सा मागत्यात, घरासाठी मागत्यात, दागिन्यासाठी मागत्यात. माझ्या बहिणीनं मागितला तो संडासासाठी!"

आत्या, आता तुला थोडं बोलतो. रागावू नको. आडोसा बांधायला तुला आपल्याच घराची भिंत दिसली का? पोरं मला काय नावानं हाक मारायची ते इथं लिहीत नाही. माझ्या बहिणीला, सुमीला, बघायला आलेले पाहुणे कोपऱ्यावरूनच परत गेले, तेव्हा आईनं भरलेल्या पोह्यांच्या ताटल्या परत पातेल्यात ओतल्या. आणि तू काय म्हणालीस? "बरं झालं. नाकानं सून निवडणारी माणसं!" आम्हाला हसूही येईना आणि रडूही येईना.

मी तेव्हा तुला विचारलं होतं, आपल्याच दारात कशाला? तू म्हणालीस, "मग कुणाच्या दारात घालू, ते तू सांग."

दादांनी त्या बाजूची खिडकी विटांनी बुजवली. तुझ्याशी बोलणं तोडलं नाही, पण आडोशाचं नाव तोंडातून कधी काढलं नाही. ताटावर बसले की म्हणायचे, "तुझं ते." तुझं ते तुंबलंय. तुझ्या त्याचा दिवा गेलाय. पुढच्या वेळी वॉर्ड खुला झाला, तुझं तिकीट कापलं, तू परत साधी बाई झालीस. तरी रोज दिवेलागणीला जाऊन प्रत्येक दाराची कडी आतून लावून बघायचीस. "कडी लागत नसंल तर आडोसा कसला?" हे तुझं ठरलेलं वाक्य.

तू गेलीस आणि वर्ष व्हायच्या आत समोरच्या नव्या सोसायटीचं मोठं गेट झालं. बरोबर आडोशाच्या समोर. मग अर्ज, बैठका, बातम्या. आत्ताचे नगरसेवक, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, त्यांनी सांगून टाकलं की शेजारच्या घरमालकानं हरकत घेतली तर लगेच काढता येईल. आणि शेजारचा घरमालक कोण? आपले दादा! त्यात बिल्डर येऊन सांगून गेला, हे गेलं तर तुमच्या जागेवर काय झकास इमारत होईल. दादा मला फोनवर म्हणाले, "यंदा जातंय बघ, तुझ्या आत्याचं ते." आवाज कसा होता ते कळलं नाही मला. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. मनात एकच, की हा माणूस इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघत होता. करणार हरकतीवर सही.

काल देवळापुढं सभा. सुमीनं फोन लावून हात वर धरला, म्हणाली, ऐक. मी डंपरच्या केबिनमध्ये काचा बंद करून ऐकत होतो.

आधी सोसायटीचे चेअरमन बोलले. काय गोड बोलतात! "आपण गैरसमज करून घेऊ नये. आमचा स्वच्छतागृहाला अजिबात विरोध नाही. आमचा विरोध केवळ जागेला आहे."

मागून कुणी बाई ओरडली, "मग तुमच्या गार्डनमध्ये बांधा की!"

"आपण विषयांतर करू नये."

"अहो, तुमच्याच तिसऱ्या मजल्यावर कामाला येते मी. विषयांतर कुठलं?"

हशा, गोंधळ. मग भाऊंचा आवाज. "हे बघा, शेजारचं घर आत्याबाईंच्या सख्ख्या भावाचं. त्यांचीच हरकत असेल तर आपण कोण बोलणारे? उठा दादा. तुमची हरकत आहे ना?"

आणि माझ्या कार्डातले पैसे संपले! नेमके तेव्हाच! कँटीनपर्यंत पळत गेलो, नवं कार्ड घेतलं, किल्लीनं खरवडलं, नंबर चुकला, परत दाबला. सुमीनं उचलला तर ती नुसती हुंदके देतेय. म्हटलं, "केली ना सही?" तर ती रडत नव्हती गं. हसत होती! हसून हसून बोलता येईना.

झालं असं. दादा उभे राहिले, खाकरले, टोपी काढली, परत घातली. तेवढ्यात नंदाबाई उठली. तीच, वर्ध्याकडची, जिला तू आडोशाच्या देखरेखीला ठेवलं होतंस. म्हणाली, "दादाजी, हरकत कायची घेता? तुम्ही त रोजच येता न इकडं!"

सगळ्या मांडवाच्या माना दादांकडं वळल्या.

"रोज न्हाय," दादा म्हणाले. "गरज लागली तर."

मग जे हसले लोक! दादा लालबुंद. आता नंदाबाईवर फिरणार असं वाटलं, तर फिरले चेअरमनवर. "हसताय काय? भिंत माझी हाय. वास आला तर माझ्या घरात येतोय. तुमच्या गेटला नाक हाय का?" आणि मग जरा हळू, सुमी म्हणते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं, "अन् जागा शेवंतेची हाय. तिच्या हिश्श्याची. तिथं माझी हरकत चालत न्हाय."

आत्या, ऐकलंस? तिच्या हिश्श्याची! जन्मात पहिल्यांदा म्हणाले. तू समोर असतीस तर तुझ्याही डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि वर तू म्हणाली असतीस, कांद्याचं आहे.

दादांना साखर झालीय, हे तुला ठाऊक होतं ना? सकाळचा फेरफटका मारून येताना घराला वळसा घालून परसातल्या संडासापर्यंत दम निघत नाही. जाताना टोपी डोळ्यांवर ओढून जातात म्हणे, जसं काही कुणी ओळखणारच नाही! नंदाबाई सुमीला म्हणाली, "ताईनंच मले सांगून ठेवलं होतं, दादा आला का तिकडं पाहत जाऊ नको." म्हणजे तुला सगळं माहीत होतं! आणि ताटावर ते "तुझं ते" म्हणायचे तेव्हा तू निमूट भाकरी वाढायचीस. किती गं आतल्या गाठीची तू!

सभा संपताना भाऊंनी वारं ओळखून लगेच पवित्रा बदलला. म्हणाले, चौकाला आत्याबाईंचं नाव देऊ, कैलासवासी वगैरे लिहून मोठा बोर्ड लावू. बायकांनी सांगितलं, नाव आहे की चौकाला. आणि आहेच! बसचा कंडक्टरसुद्धा ओरडतो, "चला, आडोसा उतरा!" तुझं नाव नको आणि फोटोही नको, असं दादाच म्हणाले. म्हणाले, तिला आवडायचं नाही. बरोबर म्हणाले ना?

आज सकाळपासून खेपा टाकतोय आणि एकटाच हसतोय. भूक लागली, बऱ्याच दिवसांनी. नेपाळ्याची भाजीसुद्धा संपवली.

आता एक शब्द देतो. तुला माझ्या शब्दांचा अनुभव आहे, तरी घे. दादा थकलेत. ती भिंत उद्या माझी होणार आणि हे लोक पुन्हा येणार, तेव्हा सही माझ्याकडं मागणार. मी जगाच्या कुठल्याही टोकाला असलो तरी त्यांना दादांचंच वाक्य ऐकवीन, पाठ केलंय मी. तुझ्या वर्षश्राद्धाला येतोय, रजा टाकली. इथल्या बाजारात जाड पितळी कड्या बघून ठेवल्यात, प्रत्येक दाराला एक. दिवेलागणीला बसवीन आणि आतून लावून बघीन.

पुरुषांच्या बाजूला आधी बसवतो. आत तरी दादांना टोपी ओढून बसायला नको.

तुझा,
भिंगरी