शमुवेल मास्तरांचा देव आणि माझे एक्केचाळीस आक्षेप

अहमदपूर
रविवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं

तीर्थरूप शरणप्पा दाजी यांस,

भुजंगाचा साष्टांग नमस्कार. (पोट जमिनीला न टेकवता. पित्ताशयात चौदा मिलिमीटरचा खडा असल्यानं पालथं पडवत नाही.) अक्काचे गुडघे कसे आहेत? गुरुवारी तुमच्या लातुरात माझं ऑपरेशन. मी मुळीच घाबरलेलो नाही, हे सगळ्यांना सांगून झालंय, तुम्हीच राहिला होता.

मागच्या रविवारी तारीख घ्यायला आलो, तेव्हा तुमच्या शेजारच्या शमुवेल मास्तरांकडं गेलो. मास्तर चर्चला जाणारे, मी देव न मानणारा, आणि दोस्ती बावीस वर्षांची, ते इथं शाळेवर होते तेव्हापासूनची. म्हणाले, तुमच्यासाठी प्रार्थना करीन. मी म्हणालो, कुणाला करणार ते आधी ठरू द्या, आणि पिशवीतून वही काढली. (नववी नापास, पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करता करता केलेलं वाचन, देवावरचे एक्केचाळीस आक्षेप, पोटकलमं लाल शाईत.)

पहिला आक्षेप, आभाळात सिंहासनावर कुणी बसलेलं नाही. मास्तर म्हणाले, बरोबर, मीही तसं मानत नाही. दुसरा, सहा दिवसांत जग होत नाही. तर म्हणे, ती कविता हो भुजंगराव, बातमी नव्हे. नरक? तोही मानत नाहीत! दहा मिनिटांत सव्वीस आक्षेप मान्य. दाजी, पहार घेऊन भिंत पाडायला जावं आणि मालकानं ती आधीच उतरवून तिथं जाईचा वेल लावलेला असावा, तसं झालं. मग माझा तोल गेला. टेबलावर थाप मारून मीच सांगू लागलो की देव म्हटला की सर्वशक्तिमानच पाहिजे, आभाळातच पाहिजे, हाक मारली की खडा विरघळलाच पाहिजे, नाहीतर बावीस वर्षं मी नाकारत राहिलो ते कुणाला? चहा घेऊन आलेल्या एस्तेरबाई, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणाल्या, "भाऊजी, अख्ख्या गल्लीत एवढा कडक देव तुमच्याकडंच हाय बघा."

मास्तर हळूच म्हणाले, खडा विरघळव असं मी मागणार नाही. प्रार्थना म्हणजे मनानं तुमच्याजवळ बसणं. एवढंच? मी त्यांना "नास्तिक!" म्हणालो आणि अर्धा चहा टाकून निघालो. बसस्टँडवर ध्यानात आलं, हीच शिवी मी आजवर पदवी म्हणून मिरवत होतो. घरी येऊन सांगितलं, तर आमची ही, प्रेमला, हसून हसून बेजार. म्हणाली, "देव ऱ्हाऊ द्या हो, हाय तेवढा एक माणूस तरी टिकवायचा होता." सात दिवस झाले, मास्तरांचा फोन नाही. मीही केला नाही. तत्त्व आहे.

लोभ आहेच, त्यात माझ्या वागण्यामुळं घट होऊ देऊ नये.

तुमचा मेहुणा,
भुजंग

ता. क. पत्र आज लातूरला निघालेल्या मल्लम्माकाकूंच्या हाती पाठवतोय, कारण फोनवर प्रेमला ऐकते. मला गुरुवारी साडेनऊला आत नेणार. मास्तरांना तिथं बाहेरच्या बाकावर येऊन बसायला सांगा. मी सांगितलं म्हणू नका. प्रेमला घाबरलीय म्हणा. (ती घाबरलेली नाही.)

पुन्हा ता. क. बसल्या बसल्या त्यांना जे करायचं ते करू द्या. माझा तात्त्विक विरोध कळवाच. फक्त माझं नाव वडिलांच्या नावासकट घ्यावं, आणि बाजू उजवी.