शेल्याचं एक टोक

अमरावती
ता. ९ जानेवारी २०२५

सौ. आशाले शकुनताईचे अ. उ. आ.

तुले काही अक्कल हाये का व आशा? नाटकातली राणी गोठ्यात शेण काढते, अन् तू तिच्यासाठी जरीकाठाचं रेशीम पाठवते? देवरावच्या भाजीच्या टेम्पोत मेथीखाली गाठोडं आलं. उघडलं तं हात लावाले भेव वाटलं. मेथीची माती लागली असती म्हंजे?

तू लिवलं की आकांक्षाच्या कालेजात आवडती-नावडतीची गोष्ट बसवली हाये, अन् पोट्टी नावडती राणी झाली. जुन्या राजांच्या वेळचं शिवलेलं नऊवारी पाह्यजे, गाठीची चोळी पाह्यजे, वरून शेला. ही गोष्ट मायनं मले अन् तुह्या नवऱ्याले, खुशालले, कापूस वेचता वेचता शंभरदा सांगतली. तिच्यात राणीच्या अंगावर जाडंभरडं ठिगळाचं असते. जरीकाठ नसते.

बरं, शिवाले माही ना नाही. भावाची पोट्टी हाये. गाठीच्या चोळीत काखेत वेगळा तुकडा जोडा लागते, नाही तं हात वर केला की फाटते. तो मी जोडला. पण तू लिवते की शिवणीत आतून दोन बोटं कापड सोडजो. काहून? नाटकाचा कपडा एका दिवसाचा. त्याले कच्चा टाका मारतेत अन् खेळ झाला की उसवून टाकतेत. तीस वर्सं मशीन मारून राहिली मी. आतून कापड नव्या नवरीच्या चोळीले सोडतेत, सासरी जाऊन अंग भरते म्हून. तिसरी गोष्ट. शेल्याचं एक टोक बिनागोंड्याचं ठेवजो म्हणते. असा लंगडा शेला कोणत्या राणीनं घेतला होता?

फोन करत नाही. तू स्पीकर लावते अन् मांगून खुशाल खाकरते. कागदावर लिव. गॅदरिंग कोणत्या तारखेले तेबी लिव.

खुशालच्या गुडघ्याले तेल लावजो. लोभ हाये तसाच ठेव, फक्त खरं बोलजो.

तुमची
शकुनताई


अकोला
ता. १३ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप शकुनताईंस,
आशाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हसू आलं. ताई, तुम्ही मशीनवर बसल्या की तुमच्यात पोलीस शिरतो. साध्या कपड्याची एवढी चौकशी!

अहो, नावडती राणी शेवटी आवडती होत नाही का? राजा तिला हाताला धरून राजवाड्यात नेतो. रेशीम त्या शेवटच्या प्रवेशासाठी. गोठ्यातल्या प्रवेशात ती वरून जुनी चादर घेणार आहे. आतून कापड सोडायला सांगितलं, कारण एवढं चांगलं रेशीम एकदा नेसून टाकून द्यायचं का? पुढं पोरीच्या कामी येईल. आणि गोंडे स्टेजवर पायात येतात, ती पडली तर लोक हसतील. झालं समाधान?

गॅदरिंग दोन फेब्रुवारीला आहे. पोशाख एकतीसपर्यंत आला म्हणजे बरं. एक विनंती, आकांक्षाला याबद्दल काही विचारू नका. तिला पोशाख एकदम दाखवायचा आहे, आणि तिचा अभ्यासही चालू आहे. तुमच्या भावाचंही म्हणणं आहे की कोणाजवळ बोलू नका, नजर लागते.

यांचा गुडघा बरा आहे. झेंडू यंदा चांगला निघाला. देवरावसोबत तिळाचे लाडू पाठवले आहेत. तेवढे तरी संशय न घेता खा. राग नसावा, आम्हा लहानांवर मायेची सावली राहू द्या.

आपली
आशा


अकोला
ता. १९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
तुले नमस्कार.

देवरावकाकानं तुझी चिठ्ठी गपचूप माझ्या हातात देल्ली. त्याले तू काय दम देल्ला होता? पावती घेतल्यासारखा उभाच राहिला. तू दंडाचं माप मागितलं. साडेदहा इंच. पण कशाचं माप?

राणीच्या पोशाखाचं म्हणते तं आत्या, मी राणी नाही. मी चोपदार हाये. मले एकच वाक्य हाये, महाराज येत आहेत म्हणाचं, अन् तेबी तालमीत दोनदा चुकली. राणी करिश्मा झाली, तिचा पोशाख भाड्यानं आणला. गॅदरिंग येत्या शुक्रवारी, चोवीसले. तुले दुसरी तारीख कोणी सांगितली?

आमच्याकडे सध्या लय पाहुणे. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याच्या बागेवाले दोनदा येऊन गेले. बाबा म्हणाले, झेंडूचा व्यवहार हाये. चहा मलेच न्यायला लावला. त्यांच्यातल्या बाईनं माझी उंची विचारली. झेंडूसाठी माझी उंची कशाले लागते, असं मी मागून आईले विचारलं तं तिनं डोळे वटारले.

परीक्षा मार्चमधे. मग एम. एस्सी.ले अमरावतीलेच येते. तुझ्या मशीनच्या खोलीत माझी खाट मावते, मी मागच्या वेळी वितीनं मोजून गेली.

आत्या, तुले काही माहीत असलं तं सांग. अथी मी खोलीत शिरली की सगळे चूप होतेत.

तुझी लाडकी राहू दे,
आकांक्षा


अमरावती
ता. २६ जानेवारी २०२५

सौ. आशाले अन् चि. खुशालले, दोघांयलेबी, अ. उ. आ.

हे पत्र खुशालले वाचून दाखवजो. पुरं. मधातल्या ओळी खाऊ नोको.

लाडू चांगले होते. ते अलग. तुही नावडती राणी चोपदार निघाली व आशा. गॅदरिंग परवा होऊनबी गेलं. दोन फेब्रुवारीले रविवार येते, कालेज बंद असते, अन् वसंतपंचमी हाये. भिंतीवरचं कॅलेंडर मलेबी वाचता येते. शेल्याचं तं मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. गोंड्याच्या टोकाले गाठ धरत नाही, सरकते. नवरदेवाच्या उपरण्याले बांधाचं टोक साधं ठेवतेत. शिंपीणीपासून लगन लपवाले निघाले, अन् कपडा तिलेच शिवाले देल्ला. वा रे हुशारी! तुमाले वाटलं असंन, बुढी चवथी शिकली, तिले काय समजते.

पोट्टीवर चिडू नोका. चिठ्ठी मी पाठवली होती. तिले मी अजून काही सांगतलं नाही. ते तुमचं काम हाये.

खुशाल, तू सात वर्साचा होता, तरी तुले आठवत असंन. मले मायनं सांगतलं की मूर्तिजापूरले मावशीच्या पोट्टीचं लगन हाये, नवं लुगडं नेस. मी हासत गेली. तथी हळद लावली तवा समजलं की नवरी मीच. नवरा चांगला भेटला, ते नशीब. त्याच्याबद्दल माही तक्रार नाही. पण मांडवात सगळ्यायले माहीत होतं अन् मलेच नव्हतं. तुलेबी माहीत होतं खुशाल. तू माह्याकडे पाहून तोंड दाबून हासत होता.

शेंदूरजनाघाटचं पोरगं वाईट हाये असं मी म्हणत नाही. मी ना पोरगं पाह्यलं, ना बाग. चांगलं असंन तं पोट्टीसमोर सांगाले काय भेव हाये? पाच मिन्टाचं काम. तिले समोर बसवा, पोराचं नाव सांगा, मार्चच्या परीक्षेचं काय ते सांगा, अन् इचारा. मंग चूप बसा. ती बोलेपर्यंत चूप बसा.

पोशाख तयार हाये. असा शिवला की कोणी नाव ठेवणार नाही. पेटीत हाये, चावी माह्या कमरेले हाये. आकांक्षाच्या हातच्या दोन ओळी आल्याबिगर पेटी उघडत नाही. हो तं हो, नाही तं नाही. तुह्या अक्षरातल्या चालणार नाहीत आशा, तुहा र मी ओळखते. ती हो म्हणली तं मी सोता येते अन् माह्या हातानं नेसवते, आत्याचा मान म्हून. नाही म्हणली तं पाहुण्यायले फोन मीच करते. शिव्या खाते. मी मोठी हाये, मले पचतेत.

माह्यावरचा लोभ आटला तं आटू द्या, पोट्टीवरचा आटू देऊ नोका.

तुमची
शकुनताई

ता. क. देवराव गुरुवारी, तीस तारखेले, सकाळी नवाले इकडच्या मंडईत येते. मी टेम्पोपाशी उभी राहते म्हून त्याले सांगतलं हाये. तिचं उत्तर त्याच टेम्पोत पाह्यजे. नाही आलं तं शुक्रवारच्या पहिल्या गाडीनं मी अकोल्याले येते, अन् तिले सगळ्यायसमोर मीच इचारते.